आठ महिन्यांचे शून्य आणि एका आठवड्यातील सहा रुग्ण

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे हे स्पष्ट राहील. तुम्ही निकोबार जिल्ह्यातील नानकौरी गटात एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी आहात. केंद्राखाली चार बेटांवरील वस्त्या येतात. त्यांपैकी सुमारे चारशे लोकवस्तीच्या एका बेटावर आठ महिने हिवतापाचा एकही रुग्ण नोंदला गेला नाही, आणि गेल्या आठवड्यात एकदम सहा निघाले : पाच व्हायवॅक्सचे, एक फॅल्सिपेरमचा (हे हिवतापाच्या परजीवीचे दोन प्रकार). संपूर्ण बेटाला सरसकट औषध द्यावे का, ताबडतोब फवारणी करावी का, आणि बोट आठवड्यातून एकदाच जात असताना ‘एक-तीन-सात’चे वेळापत्रक (एका दिवसात खबर, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत उपाय) पाळायचे कसे, असे तुम्ही विचारले आहे.

तिन्ही प्रश्नांकडे येतोच. परंतु त्यांच्या आधीचा एक प्रश्न तुमच्या पत्रात नाही आणि माझ्या अनुभवाने खरी मेख तिथेच असते. आठ महिन्यांचे ते शून्य खरे होते का?

हिवताप कार्यक्रमात माझी २८ वर्षे गेली. बरीचशी गडचिरोली जिल्ह्यात, जिथे पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागड भर जमिनीवर असूनही बेट होऊन बसते. त्यानंतर सात वर्षे निकोबारात. निकोबारातील दुसऱ्या वर्षी एका छोट्या बेटावर स्वयंसेविकेच्या घरी बसून मी तिची वही पाहत होतो. प्रत्येक पंधरवड्यापुढे सुवाच्य अक्षरात शून्य लिहिलेले होते. वही मिटून मी जलद निदान संचांची पेटी उघडली. पंचवीस संचांच्या पेटीत तेवीस शिल्लक होते, म्हणजे सात महिन्यांत दोनच तपासण्या झाल्या होत्या. मग मी पॅरासिटामॉलचा डबा मागितला. दोन महिन्यांपूर्वी भरून दिलेला तो डबा रिकामा होता. ताप येत होते, गोळ्या जात होत्या, फक्त रक्त कोणी तपासत नव्हते. थंडी वाजून आलेल्या तापालाच बोट टोचायचे, असे तिला प्रशिक्षणात कोणीतरी सांगितले होते आणि ती ते प्रामाणिकपणे पाळत होती. चूक आमची होती, कारण मासिक बैठकीत आम्ही ते शून्य वाचून समाधानाने पुढच्या गावाकडे वळत होतो. पुढच्या दीड महिन्यात त्या वस्तीत घरामागून घर आजारी पडले.

म्हणून पुढच्या बोटीने गेल्यावर रुग्णांच्या नोंदवहीआधी हे दोन साठे मोजा. कार्यक्रमाची जुनी अपेक्षा अशी, की वर्षभरात लोकसंख्येच्या निदान दहा टक्के रक्ततपासण्या व्हाव्यात. चारशे लोकांमागे हा आकडा वर्षाला चाळीस, म्हणजे आठ महिन्यांत सव्वीस-सत्तावीस होतो. तपासण्या त्याच्या आसपास असतील आणि त्या तापाच्याच रुग्णांच्या असतील, तर तुमचे शून्य मी बऱ्याच अंशी खरे मानेन. त्या चार-पाच असतील, तर तुमच्याकडे उद्रेक नव्याने झालेला नाही. तो चालू होता आणि आत्ता दिसला.

दुसरा पुरावा पंचांगात मिळेल. हिवतापाचा परजीवी घाई करत नाही. रुग्णाला चावलेल्या डासाच्या शरीरात परजीवी तयार व्हायला आपल्याकडच्या उष्ण-दमट हवेत साधारण आठ ते बारा दिवस लागतात, आणि तो डास दुसऱ्या माणसाला चावल्यापासून ताप येईपर्यंत आणखी बारा ते सतरा दिवस जातात. म्हणजे एका रुग्णाच्या तापापासून पुढच्या रुग्णाच्या तापापर्यंत साधारण तीन ते पाच आठवड्यांचे अंतर असते. सहाही जणांना एकाच आठवड्यात ताप आला असेल, तर त्यांनी तो एकमेकांकडून घेतलेला नाही. एक तर ते सगळे दोन-तीन आठवड्यांपूर्वी एकाच ठिकाणी होते, उदाहरणार्थ खोबऱ्याच्या कामासाठी दुसऱ्या बेटावर, लग्नाला किंवा एखाद्या बांधकामाच्या छावणीत. नाही तर महिन्याभरापूर्वी तुमच्याच बेटावर असा कोणी होता, जो तापला आणि तपासला गेला नाही. सहा नावांपुढे ताप सुरू झाल्याची तारीख लिहा. रक्त तपासल्याची तारीख येथे निरुपयोगी आहे. तापाची तारीख लोकांना आठवत नाही असे म्हणतात, पण ‘बोट आली त्याच्या आधी की नंतर’, ‘रविवारच्या प्रार्थनेला गेला होता का’ असे विचारले की ती बहुतेक वेळा एक-दोन दिवसांच्या फरकाने सापडते.

एकटा फॅल्सिपेरमचा रुग्ण मी वेगळा काढीन. पाच व्हायवॅक्स आणि एक फॅल्सिपेरम याचा अर्थ बेटावर बहुधा दोन वेगळ्या कथा चालू आहेत. त्या एकाचा गेल्या महिन्याचा प्रवास सर्वांत आधी आणि सर्वांत बारकाईने विचारा, कारण फॅल्सिपेरम बाहेरून आलेला असेल तर तो स्थानिक डासांत रुजण्यापूर्वी अडवण्याची संधी अजून तुमच्या हाती असू शकते.

आता हे सांगणे भाग आहे, की पुढचे सर्व काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुमचे बेट मी पाहिलेले नाही. वस्ती किनाऱ्याला लागून आहे की आत, जवळ मचूळ पाण्याची डबकी आहेत का, बाहेरचे मजूर किती, गावचे कॅप्टन, म्हणजे गावप्रमुख, तुमच्या बाजूने आहेत की मागच्या एखाद्या प्रसंगाने दुखावलेले आहेत, यांवर उत्तर बदलते. शेवटची बाब किरकोळ समजू नका. निकोबारी समाजात तुहेत, म्हणजे मोठे संयुक्त कुटुंब, हा व्यवहाराचा खरा घटक आहे. कॅप्टन आणि तुहेतचे ज्येष्ठ यांना वगळून घरोघर गेलात, तर दारे उघडतील, रक्त तपासायला हाताची बोटेही पुढे होतील, पण गोळ्या पोटात जाणार नाहीत.

सरसकट औषधाविषयी. हा विचार चुकीचा आहे असे नाही. वानुआतूमधील अनेतियुम या सुमारे सातशे लोकवस्तीच्या बेटावर १९९१ मध्ये नऊ आठवडे, दर आठवड्याला, सर्व रहिवाशांना औषध दिले गेले आणि जोडीला कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या व अळीभक्षक मासे वापरले गेले. फॅल्सिपेरम लवकर नाहीसा झाला, व्हायवॅक्सला काही वर्षे लागली. हे उदाहरण बेटांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी ऐकवतेच. परंतु ऐकवणारे बहुधा औषधापाशी थांबतात. तिथे नऊच्या नऊ फेऱ्यांत गावकऱ्यांनी साथ दिली आणि नंतरची वर्षानुवर्षांची राखण त्यांनी स्वतः केली, हा भाग मागे पडतो. एक फेरी झाली, दुसऱ्या फेरीला समुद्र खवळला, तिसऱ्या फेरीला निम्मे लोक नारळाच्या बागांत, अशा अर्धवट मोहिमेने परजीवी काही आठवडे दबतो आणि लोकांचा विश्वास मात्र कायमचा जातो. शिवाय व्हायवॅक्सविरुद्धच्या मोहिमेत यकृतात दडलेला परजीवी मारणारे प्रायमाक्वीन हवेच, आणि जी-६-पी-डी या विकराची कमतरता असलेल्या माणसाच्या लाल पेशी त्याने फुटू शकतात. सहा रुग्णांसाठी चारशे निरोगी माणसांना ही जोखीम द्यावी असे मला वाटत नाही, आणि स्थानिक पातळीवर तसा निर्णय घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्याऐवजी मी तपासणीचे वर्तुळ आखीन. त्यात सहाही रुग्णांच्या घरांतील सर्व माणसे, त्यांच्याबरोबर प्रवास केलेले किंवा बागेत मुक्काम केलेले सर्व, आणि गेल्या महिन्यात बेटावर कोणालाही ताप आला असेल तर तो, मग आज तो ठणठणीत का असेना. वर्तुळ घराभोवती काढण्याची आपल्याला सवय आहे, कारण डास घराजवळ चावतो असे आपण शिकलो. बेटावर मात्र बोट हेही एक घरच असते. एकत्र बोटीतून गेलेले चार जण चार वेगवेगळ्या तुहेतांतले असू शकतात आणि घरांचा नकाशा पाहून ते कधीच एकत्र दिसणार नाहीत. ही तपासणी एकदाच करून थांबू नका. कमी परजीवी असलेला माणूस जलद संचात निगेटिव्ह येतो आणि पंधरा दिवसांनी तापतो. पहिल्या फेरीनंतर दर पंधरवड्याला एक, अशा निदान आणखी तीन फेऱ्या करा, म्हणजे वर सांगितलेले तीन ते पाच आठवड्यांचे चक्र त्यात पूर्ण सापडेल.

व्हायवॅक्सचा उपचार हा या कामातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. क्लोरोक्वीनच्या तीन दिवसांत ताप उतरतो, माणूस बागेत जाऊ लागतो, आणि प्रायमाक्वीनचे चौदा दिवस कागदावर पूर्ण होतात. यकृतात दडलेला परजीवी तसाच राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप उलटतो. हा उलटलेला ताप नवा रुग्ण म्हणून नोंदला जातो आणि आपण डबक्यांमागे धावत सुटतो. तुमच्या पाच जणांपैकी कोणाला गेल्या वर्षभरात हिवताप झाला होता का, आणि तेव्हा त्याने चौदाही गोळ्या घेतल्या होत्या का, हे घरच्या बाईला विचारा. रुग्ण स्वतः ‘हो’च म्हणतो.

एका वस्तीतील वृद्ध स्वयंसेविकेची पद्धत मी नंतर सगळीकडे नेली. रुग्ण सापडला की ती केवड्याच्या जातीच्या झाडाचे पान चिरून त्याच्या चौदा पट्ट्या करायची आणि रुग्णाच्या घराच्या खांबाला बांधायची. रोज संध्याकाळच्या जेवणानंतर ती स्वतः जायची, गोळी तोंडात टाकायला लावायची, पाणी पाजायची, तोंड उघडायला सांगायची आणि मग एक पट्टी तोडून खिशात टाकायची. ‘जेवणानंतर’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण उपाशीपोटी प्रायमाक्वीनने पोटात कळ येते आणि तिथेच निम्मे लोक औषध सोडतात. मी बेटावर पोहोचलो की खांबाकडे पाहून मला कळायचे कोणाचा कितवा दिवस आहे. तुमच्याकडे छापील तक्ता असेलच, तो जरूर भरा. पण घरातल्यांना दिसेल असे काहीतरी घरातच असू द्या. गरोदर स्त्रिया आणि वर्षाखालील बाळे यांना प्रायमाक्वीन द्यायचे नाही, आणि लघवी काळपट झाली, धाप लागली किंवा डोळे पिवळे झाले तर गोळी तत्काळ थांबवून कळवायचे, हे स्वयंसेविकेला तोंडपाठ हवे. बोट आठवड्याने येणार असेल, तर ही सूचना औषधाइतकीच गरजेची आहे. फॅल्सिपेरमच्या रुग्णाला कार्यक्रमाच्या सध्याच्या सूचनेप्रमाणे आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषध तीन दिवस आणि सोबत प्रायमाक्वीनची एकच मात्रा. तो बेशुद्धीकडे झुकत असेल, त्याला सारख्या उलट्या होत असतील किंवा लघवी कमी होत असेल, तर नेहमीच्या बोटीची वाट पाहू नका.

डासांकडे येतो. आपल्या भागातला मुख्य वाहक ॲनोफिलिस सुंडाइकस. त्याला उन्हातले, शेवाळ धरलेले, निमखारे पाणी आवडते. कोकणात वाढलेल्या माणसाला मचूळ पाणी म्हटले की खाडीकाठची विहीर आठवते, तेच पाणी. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर निकोबारातील जमीन अनेक ठिकाणी खचली, भरतीचे पाणी आत शिरून राहू लागले आणि पूर्वी जिथे नारळ होते तिथे अशी डबकी तयार झाली. त्यामुळे त्सुनामीपूर्वीच्या नकाशावर विसंबू नका, स्वतः चाला. ओहोळाच्या मुखाशी वाळूचा बांध पडून पाणी अडले आहे का, ते पाहा. पळीने पाणी उचला आणि पळी सावलीत स्थिर धरा. ॲनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. इतर डासांच्या अळ्या डोके खाली करून तिरक्या लटकतात. हा फरक गावातील मुले पाच मिनिटांत शिकतात आणि मोठ्यांपेक्षा नीट सांगतात. वाळूचा बांध चार माणसांनी फावड्याने फोडला की भरतीचे पाणी खेळू लागते आणि शेवाळ निघून जाते. तो पुन्हा पडतो, पुन्हा फोडावा लागतो, आणि ते काम कोणी करायचे हे गावच्या बैठकीत ठरलेले असावे. वाहत्या ओहोळांत गप्पी मासे सोडण्याचा मोह मात्र टाळा. बंदिस्त विहिरीत ठीक आहे; बेटाच्या नैसर्गिक पाण्यात परका मासा सोडला की तो परत काढता येत नाही.

फवारणीचे उत्तर तापाच्या तारखा मिळाल्याशिवाय मी देणार नाही. सहाही जण बाहेरून ताप घेऊन आले असतील आणि आसपास अळ्या सापडल्या नाहीत, तर फवारणीने तुमची माणसे आणि बोट तीन आठवडे अडकतील, हाती काही लागणार नाही. स्थानिक प्रसार दिसला तर फवारणी जरूर करा, पण ती थोड्या दिवसांत आणि जवळजवळ सर्व घरांत व्हायला हवी. त्याआधी एक संध्याकाळ वस्तीत बसून लोक कुठे असतात ते पाहा. पत्र्याच्या नव्या घरांत उकडते म्हणून माणसे रात्री उशिरापर्यंत बाहेर किंवा जुन्या झोपडीच्या माचाणावर असतात, असे मी अनेक ठिकाणी पाहिले. तिथे भिंती फवारून काय उपयोग? मच्छरदाणी त्या माचाणावर टांगता येईल का, याची सोय आधी करावी लागते, आणि एकत्र झोपणाऱ्या कुटुंबाला मोठ्या मापाच्याच मच्छरदाण्या द्याव्या लागतात.

आता ‘एक-तीन-सात’. ही पद्धत चीनने रूढ केली : एका दिवसात रुग्णाची खबर, तीन दिवसांत चौकशी, सात दिवसांत त्या ठिकाणी उपाय. २०२१ मध्ये चीन हिवतापमुक्त म्हणून प्रमाणित झाला, त्यात या शिस्तीचा मोठा वाटा मानला जातो. ती रस्ते असलेल्या मुलखात घडलेली आहे, म्हणून तुमच्याकडे ती अशक्य वाटते. परंतु कोणत्या टप्प्याला बोट खरोखर लागते, हे तपासले तर चित्र बदलते. निदान आणि पहिली मात्रा यांना बोट लागत नाही, संच आणि औषध गावात असले की झाले. चौकशीलाही लागत नाही. ताप कधी आला, गेल्या महिन्यात रात्री कुठे कुठे झोपलात, सोबत कोण होते, पूर्वी हिवताप झाला होता का, हे चार प्रश्न स्वयंसेविका विचारू शकते आणि फोन लागत नसेल तर उत्तरांचा कागद जी होडी आधी निघेल तिच्याबरोबर येऊ शकतो. २०२० मध्ये समुद्राखालील केबल कामोर्टा बेटापर्यंत आली, पण प्रत्येक वस्तीत सिग्नल नसतो. कोणत्या टेकाडावर फोन लागतो हे गावाला माहीत असते, ते तुम्हीही लिहून ठेवा. सातव्या दिवसाच्या उपायांना तेवढी तुमची बोट लागते, आणि आठवड्याची बोट त्यात बसते. अट एकच : साठा आधीच बेटावर असावा. मे महिन्यात समुद्र बिघडण्यापूर्वी प्रत्येक वस्तीत तीन महिन्यांचे संच आणि औषधे पोहोचलेली असावीत. संच बेटावर नसेल तर हे वेळापत्रक भिंतीवरच राहील.

काचपट्टीविषयी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला काचेवर घेतलेल्या रक्ताच्या थेंबाविषयी, थोडे. जलद संच सोपा आहे, परंतु फॅल्सिपेरम बरा झाल्यावरही संचावर त्याची रेघ काही आठवडे उमटत राहते, म्हणून उपचारानंतरच्या तपासणीला काचपट्टीच हवी. बेटावर ती टिकवणे ही कसोटी असते. एकदा मी तीस पट्ट्या रात्री वाळायला उघड्या ठेवल्या. सकाळी जाड थेंबांच्या जागी स्वच्छ काचेची वर्तुळे होती, आणि टेबलाच्या पायावर मुंग्यांची रांग. तेव्हापासून पट्ट्या जाळीखाली वाळवतो, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांसह ठेवतो आणि पहिल्या बोटीने पाठवतो. निकाल आला की तो गावाला परत कळवतो, निगेटिव्ह असला तरी. ज्याचे बोट टोचले त्याला उत्तर मिळाले नाही, तर पुढच्या वेळी तो बोट पुढे करत नाही.

बाहेरून येणाऱ्या मजुरांना धक्क्यावर अडवून तापमान मोजण्याची सूचना तुम्हाला कोणीतरी करेल. अंगात परजीवी असूनही ताप नसलेला माणूस त्यातून सहज निसटतो आणि मजूर रात्री दुसऱ्या किनाऱ्याला उतरू लागतात. मुकादमाशी बोलून नावांची यादी घ्यावी, आल्याच्या आठवड्यात एकदा आणि पुढे पंधरवड्याने त्यांच्या छावणीत जावे, औषध मोफत आहे आणि आजारपणाने काम जाणार नाही हे मुकादमाच्या तोंडून वदवून घ्यावे. श्रीलंकेत १९६३ मध्ये हिवतापाचे फक्त सतरा रुग्ण उरले होते आणि त्याच दशकाच्या अखेरीस ते लाखांवर गेले. रुग्ण कमी झाल्यावर राखण सैल होणे हे त्याचे एक मोठे कारण होते. म्हणूनच तुमचे सहा रुग्ण मला मोठे वाटतात.

पुढच्या बोटीला अजून चार दिवस आहेत असे तुम्ही लिहिले आहे. तेवढ्या वेळात फोनवरून सहा नावांपुढे तापाची तारीख, गेल्या महिन्यातील मुक्काम आणि पूर्वीचा हिवताप एवढे मिळवा आणि संचांची व पॅरासिटामॉलची शिल्लक विचारून घ्या. हा तक्ता मला नावे गाळून पाठवलात, तर फवारणीची माणसे सोबत न्यावीत की नाही, याविषयी बोट सुटण्याआधी मी माझे मत निश्चितपणे कळवीन.